वांग्याचं फूल कोण हलवतं? मुलुंडच्या गच्चीवरच्या नोंदी

६ जानेवारी

वही आजपासून. ‘यंदा वांगी धरत नाहीत’ हे गेले दोन महिने गच्चीवर रोज ऐकते आहे आणि रोज कोणीतरी नवं कारण सांगतं. खत कमी पडलं, पाणी जास्त झालं, बी बदललं, हवा बिघडली. म्हटलं, आता मोजूया.

जागा मुलुंड पश्चिम. सात मजली इमारत, २८ घरं, गच्चीवर ५४ ग्रो बॅगा आणि सहा निळे ड्रम. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर दिसतो. बागेचं हे चौथं वर्ष. गेल्या जानेवारीत काटेरी वांगी प्रत्येक घरात दोनदा वाटली होती. यंदाही झाडं तेवढीच, १२. पानं हिरवीगार, फुलं भरपूर. पण चार-पाच दिवसांत फुलाचा देठ पिवळा पडतो आणि बोट लागताच फूल गळतं. सकाळी ग्रो बॅगांभोवती जांभळा सडा पडलेला असतो. माळीमामा तो झाडताना काही बोलत नाहीत, पण त्यांनाही ते लागतंय, हे दिसतं.

९ जानेवारी

भाचीचं भिंग आणलं. एक फूल हातात धरून नीट पाहिलं.

मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा सुळका. त्याच्या आतून स्त्रीकेसर वर येतो आणि त्याचं हिरवट टोक, म्हणजे कुक्षी, सुळक्याबाहेर डोकावते. सगळ्या फुलांत नाही. काहींत ती आखूडच राहते, सुळक्याच्या आत दडलेली. अशा आखूड फुलांना फळ जवळजवळ धरतच नाही. ती गळणारच, त्यात कोणाचा दोष नाही. म्हणजे गळालेलं प्रत्येक फूल ‘वाया गेलं’ म्हणून मोजणं चूक आहे. आज ४० फुलं पाहिली, त्यातली १३ आखूड निघाली. उरलेली लांब कुक्षीची, म्हणजे फळ देऊ शकणारी. तीही गळताहेत, आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

दुसरी गोष्ट पाहिली ती परागकोशांची. भोपळ्याच्या नरफुलात बोट घातलं की पिवळी भुकटी लगेच लागते. वांग्यात तसं होत नाही. इथे पराग परागकोशाच्या आत बंद असतो आणि टोकाला फक्त दोन बारीक छिद्रं असतात, मिठाच्या डबीला असतात तशी. डबी नुसती हातात धरून मीठ पडत नाही, हलवावी लागते. मी फुलाखाली काळा कागद धरून देठाला हलकी टिचकी मारली. कागदावर किंचित पावडर पडली.

लगेच चाचणी लावली. लांब कुक्षीच्या २४ कळ्या निवडल्या, उमलायच्या आदल्या दिवशीच्या. तीन रंगांचे लोकरीचे धागे.
लाल : जाळीची छोटी थैली बांधलेली, कोणीही आत जाऊ शकत नाही.
हिरवा : उघडं फूल, जे येईल ते येईल.
पिवळा : थैली बांधलेली, पण सकाळी थैली काढून बॅटरीवरच्या टूथब्रशची मागची बाजू देठाला तीन-चार सेकंद टेकवायची आणि पुन्हा थैली. दोन दिवस.

थैल्या म्हणजे लग्नात सुपारी-बदाम भरून देतात त्या जाळीच्या. घरात निघाल्या.

१२ जानेवारी

सकाळी सात ते नऊ वांग्यांसमोर स्टूल टाकून बसले. तुळशीवर फुलोरी माश्या, लहानखुऱ्या, पोटाचा वरचा भाग तांबूस. सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात ती देशी मधमाशी, पाच-सहा, त्याही तुळशीवरच. एक सातेरी वांग्याच्या फुलावर उतरली, सुळक्याभोवती फिरली आणि निघून गेली. वांग्याच्या फुलात मधुरस नसतोच, तिला काही मिळालं नसणार.

दोन तासांत वांग्यावर बाकी कोणी नाही.

१३ जानेवारी, भोगी

आज भोगीची भाजी. चिरायला बसले आणि डोक्यात वहीच होती, म्हणून एकेक जिन्नस हातात घेऊन विचार केला, की हा माझ्या ताटात येण्यात माशीचा हात किती?

बाजरीची भाकरी : हात नाही. बाजरीचा पराग वाऱ्यावर जातो. तांदूळ, गहू, ज्वारी यांचंही माश्यांवाचून भागतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण ‘मधमाशी संपली की माणूस चार वर्षांत उपाशी मरेल’ हे आइनस्टाइनच्या नावावर फिरणारं वाक्य काल पुन्हा मोबाइलवर आलं. त्याने असं म्हटल्याचा काहीही पुरावा नाही आणि ते खरंही नाही. भाकरी राहील.

ओला हरभरा आणि शेंगदाणा : दोन्ही आपल्याच परागावर धरतात. त्यांनाही फारशी गरज नाही.

तीळ : स्वतःवर धरतो, पण फुलांवर मधमाश्या भरपूर आल्या तर बोंडं जास्त भरतात.

गाजर : खातो ते मूळ, त्याला परागीभवन कशाला लागेल? पण पुढच्या वर्षी पेरायचं बी त्या पांढऱ्या छत्रीसारख्या फुलोऱ्यातून येतं, आणि तिथे पराग इकडून तिकडे कीटकच नेतात. कांद्याच्या बियाण्याचंही तेच. आपल्याला शेत दिसतं ते खाण्याच्या पिकाचं, बियाण्याचं शेत कुठेतरी लांब असतं, म्हणून ही मदत हिशेबात येतच नाही.

बोरं : पुष्कळशा बोरींना स्वतःचा पराग चालत नाही. घरमाशीच्या जातीच्या माश्या, गांधीलमाश्या, मधमाश्या यांनी शेजारच्या झाडाचा आणून द्यावा लागतो. त्या बारक्या हिरवट फुलांकडे कोणी बघत नाही, पण दुपारी बोरीखाली उभं राहिलं की झाड घुमत असतं.

आणि वांगी. ती आज बाजारातून आणली.

सासूबाई म्हणाल्या, “भाजी थंड होतेय, लिहिणं मग कर.”

२९ जानेवारी

निकाल. लाल धागा : ८ पैकी १ फळ. हिरवा : ८ पैकी २. पिवळा, म्हणजे टूथब्रशवाली : ८ पैकी ६.

आठ-आठ फुलांवर मोठा दावा करता येत नाही, गच्चीवरचा वारासुद्धा फुलं थोडीफार हलवतोच, लाल धाग्याचं ते एक फळ त्याचंच असेल. पण एवढं नक्की, की खत, पाणी, बी, हवा ठीक आहेत. झाडाची फळ द्यायची तयारी आहे. डबी हलवणारं कोणी येत नाहीये.

माळीमामांना तिन्ही रांगा दाखवल्या. ते बराच वेळ पिवळ्या धाग्यापाशी उभे राहिले. म्हणाले, “ताई, म्हणजे झाड उपाशी नव्हतं. एकटं होतं.”

२ फेब्रुवारी

माझ्या मनात पहिला उपाय आला तो सगळ्यांच्याच येतो : मधमाश्यांची पेटी आणायची. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकून आलेले एक मधपाळ दादा आहेत, महाबळेश्वरच्या बाजूला सातेरीच्या पेट्या ठेवतात. त्यांना फोन केला. तासभर बोलले आमच्याशी, माळीमामांनाही स्पीकरवर घेतलं होतं.

त्यांचं म्हणणं जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत : “ताई, पेटी ठेवायची तर ठेवा. काकडी, भोपळा, कारल्याला चांगला फायदा होईल. पण वांग्यासाठी ठेवू नका. सातेरी फूल थरथरवत नाही. मेलिफेरा, ती पेटीतली परदेशी माशी, ती पण नाही. वांगी-टोमॅटोला भुंगा लागतो, नाहीतर ती निळ्या पट्ट्यांची माशी. ती पेटीत राहत नाही. आणि मुंबईत पावसाळ्यात फुलोरा कमी असतो, तेव्हा पेटीला साखरेचा पाक द्यावा लागेल. रोज कोण बघणार?”

मग त्यांनी विचारलं, “तुमच्या गच्चीवर वाळकं लाकूड, जुना बांबू आहे का? भुंगा त्यातच भोक पाडून राहतो.”

मी गप्प झाले. होता. दोडक्याचा जुना मांडव बांबूचाच होता. त्यात करंगळी जाईल एवढी गोल भोकं होती, लेथवर पाडल्यासारखी गुळगुळीत, आणि खाली फिकट भुसा पडायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना भुंग्यांची भीती वाटायची, बांबू पावसाने कुजायलाही लागले होते, म्हणून गेल्या दिवाळीआधी मीच पुढाकार घेऊन मांडव उतरवला आणि लोखंडी पाइप लावले. बांबू कचऱ्याच्या गाडीत गेले. आत जे काही होतं, ते सगळं घेऊन.

मांडव गेला नोव्हेंबरच्या आसपास. वांगी धरेनाशी झाली नोव्हेंबरपासून. यातून तसंच घडलं, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण आज झोप लागणार नाही.

५ फेब्रुवारी

मंडप बांधणाऱ्यांकडून जुने, पूर्ण वाळलेले बांबू मिळाले. हातभर लांबीचे नऊ तुकडे कापले, प्रत्येकाची एक बाजू पेरापाशी बंद आणि दुसरी उघडी. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, तोंडं पूर्वेला, आडवे बांधले. हलणार नाहीत असे घट्ट, वाऱ्यावर झुलणाऱ्या नळीत कोणी घर करत नाही. एका कोपऱ्यात बारीक बोरूच्या काड्यांची जुडी ठेवली, पानं गोल कापून नेणाऱ्या माश्यांसाठी. एका ड्रममध्ये काहीच न लावता नुसती माती दाबून ठेवली. निळ्या पट्ट्यांची माशी मातीत भोक पाडून राहते. आपण कुंडीतली मोकळी माती दिसली की लगेच झाकतो किंवा काहीतरी लावतो, तिला मात्र ती उघडीच हवी असते.

काकूंकडे जाऊन आले. सगळं सांगितलं. नर भुंग्याला डंख नसतो, तोच तोंडासमोर येऊन घोंगावतो. मादीला असतो, पण हातात धरून दाबल्याशिवाय ती मारत नाही. रंग दिलेल्या दारं-खिडक्यांच्या वाटेला भुंगे सहसा जात नाहीत. काकू म्हणाल्या, “तू सांगतेस म्हणून ठीक आहे, पण माझ्या बाल्कनीच्या वर नको.” टाकी त्यांच्या विरुद्ध टोकाला आहे.

१८ फेब्रुवारी

बांबूत काही नाही. काड्यांत काही नाही.

२६ फेब्रुवारी

खाली कंपाउंडच्या भिंतीला लागून शेवगा आहे, तो पांढरा झालाय. ऑफिसला जाताना वर पाहिलं आणि तिथेच थांबले. भुंगे, निदान चार. मोठे, काळेभोर, उन्हात पंखांवर जांभळी-निळी झाक. शेवग्याच्या शेंगा त्यांच्याच कृपेने लागतात, फुलाच्या पाकळ्या बाजूला सारायला एवढं वजन लागतं.

म्हणजे भुंगे आहेत, पण सात मजले खाली. त्यांना गच्चीवर यायला काही कारण हवं. वांग्याच्या फुलात पराग आहे, मधुरस नाही, तेवढ्यासाठी कोण वर येणार? मधपाळ दादांनी मेसेज पाठवला : ताग पेरा. तागाच्या पिवळ्या फुलांवर भुंगा हमखास येतो. माळीमामांनी गावाहून आणलेलं बी निघालं त्यांच्याकडे. दोन ड्रममध्ये पेरलं.

८ मार्च

काकडीला मादीफुलं आली. भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी सकाळी साडेसहाला वर. नर आणि मादी ओळखायला शिकवलं : पाकळ्यांच्या मागे बोटाच्या पेराएवढी काटेरी काकडी दिसली की मादी, नुसता देठ असला की नर. एकाच वेलीवर दोन्ही असतात, पण पराग एकातून दुसऱ्यात स्वतः जात नाही. सहा मादीफुलांना थैल्या बांधल्या.

भाचीने विचारलं, “मावशी, मग त्या फुलांना माहीत असतं का, की आज कोणी आलं नाही ते?” मी म्हटलं, आठवड्याने तूच बघ.

वेळा नोंदवल्या. भोपळ्याचं फूल पहाटेच उमलतं आणि दहा-अकराला मिटून जातं. काकडी आणि कारलं सकाळी. दोडका मात्र संध्याकाळी पाचच्या सुमारास. फवारणी करायचीच झाली, अगदी कडुनिंबाच्या तेलाचीही, तर त्या झाडाचं फूल मिटल्यावरच करायची. बागेच्या दरवाजावर हा तक्ता चिकटवला.

१६ मार्च

थैलीतल्या सहाही काकड्या पिवळ्या पडून सुकल्या, अंगठ्याएवढ्याही झाल्या नाहीत. उघड्या ११ पैकी ८ वाढताहेत. त्यातल्या दोन वाकड्या. देठाकडे जाड, टोकाकडे उंदराच्या शेपटीसारख्या निमुळत्या.

एक वाकडी आणि एक सरळ काकडी उभी चिरून ताटात शेजारी शेजारी ठेवली. सरळ काकडीत बिया या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेल्या. वाकडीत जाड भागात बिया टपोऱ्या आणि निमुळत्या भागात नुसत्या पांढऱ्या पापुद्र्यासारख्या, पोकळ. प्रत्येक बीमागे निदान एक परागकण कुक्षीवर पोहोचावा लागतो. जिथे बी भरत नाही, तिथे भोवतीचा गरही वाढत नाही. एका माशीच्या एका भेटीने भागत नाही, सकाळभर पुन्हा पुन्हा यावं लागतं. भाचीने बोटाने त्या पोकळ बिया दाबून पाहिल्या आणि म्हणाली, “इथे माशी कमी पडली.” अगदी बरोबर. बाजारात आपण वाकडी काकडी बाजूला सारतो, तेव्हा त्या सकाळी तिथे माश्या कमी आल्या होत्या, एवढंच कारण असू शकतं.

यांच्यावर येणारी मुख्य माशी कोण? सातेरी आहे, पण जास्त वेळा येते ती अगदी बारीक, काळी, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. डंख नसलेली. पुस्तकांत तिला पोया किंवा ट्रायगोना म्हणतात. तिचं घर शोधायला हवं, ती लांब जात नाही.

२१ मार्च

सापडलं. दुसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीत, प्लास्टरच्या भेगेत. तिथून राळ-मेणाची एक छोटी नळी बाहेर आलीय, पेनाच्या टोपणाएवढी, कडा इतकी पातळ की पलीकडचा उजेड दिसतो. नळीच्या तोंडाशी पाच-सहा पहारेकरी, डोकी बाहेर काढून गोल बसलेल्या. येणाऱ्यांच्या मागच्या पायांवर पिवळ्या गोळ्या. ही वसाहत किती वर्षांची असेल कोण जाणे, मी इथे आठ वर्षं राहते आणि आज पहिल्यांदा पाहिली.

आणि त्याच भिंतीवर खडूने फुली मारलेली. दुरुस्तीच्या परांच्या चढताहेत, भेगा बुजवायच्या यादीत ही भेग आहे.

संध्याकाळी सेक्रेटरी काकांकडे. ते इंजिनिअर माणूस, म्हणाले, “भेग सोडली तर पाणी मुरेल, त्याचं काय?” रास्त प्रश्न. शेवटी ठरलं ते असं : वरून आणि बाजूंनी भेग भरायची, नळीभोवतीचा वीतभर भाग मोकळा सोडायचा आणि त्यावर पाणी अडवणारी सिमेंटची लहानशी पट्टी काढायची. काम करणाऱ्या मिस्त्रींना मी स्वतः जाऊन नळी दाखवली. ते रायगडकडचे. म्हणाले, “ताई, ह्यांचा मध आंबूस असतो, आजी औषधाला काढायची. नाही लागणार थापी.”

३ एप्रिल

वाईट दिवस. थोडक्यात लिहिते.

टाकीच्या मोठ्या तुळईखाली आग्याचं पोळं आलं होतं, हातभर रुंद. आग्याची भीती रास्त आहे. एकदा उठला तर जीवघेणा ठरू शकतो, आणि इमारतीत लहान मुलं, म्हातारी माणसं आहेत. पण आग्या कायमचा राहत नाही, ऋतू बदलला की स्वतःच निघून जातो. मी म्हटलं होतं, तोवर गच्चीचा तो भाग बंद ठेवू. तोंडी म्हटलं होतं, कमिटीला लिहून दिलं नाही. रात्री फवारणीवाला माणूस बोलावला गेला.

सकाळी टाकीखाली माश्यांचा थर. काही अजून पाय हलवत होत्या. औषधाचा तुषार वाऱ्याने वांग्यांपर्यंत आला होता, पानांवर तेलकट चमक. माळीमामांनी आणि मी सगळी झाडं दोनदा धुतली, बांबूंची तोंडं पुसली. काकडीच्या फुलांवर आज दिवसभरात चारच पोया माश्या दिसल्या, एरवी अर्ध्या तासात तेवढ्या येतात.

१० एप्रिल

कमिटीला पत्र दिलं, सही घेऊन. मागणी दोनच : पोळं दिसलं तर आधी मधपाळाला फोन करायचा, आणि गच्चीवर कुठलीही फवारणी बागेला आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय नाही. मान्य झालं. सेक्रेटरी काका म्हणाले, “पोरी, हे आधी दिलं असतंस तर...” हो.

पोया माश्या परत येऊ लागल्यात.

१७ एप्रिल

ताग फुलला. आणि सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भुंगा आला.

आधी आवाज. मग ड्रमवर तो काळा गोळा. तागाच्या फुलावर बसला की काडी वाकून जवळजवळ आडवी होते. सहा-सात फुलं केली. मी हातातली पाण्याची झारी खालीही ठेवली नाही. मग तो तिथून उठला आणि चार पावलांवरच्या वांग्यावर गेला.

फुलं खाली मान घालून असतात, त्यामुळे तो उलटा लटकला. सहाही पायांनी पिवळा सुळका कवटाळला, अंग धनुष्यासारखं वाकवलं. उडण्याचा घुमणारा आवाज थांबला. क्षणभर काहीच नाही. आणि मग वेगळाच आवाज, तुटक, बारीक, वरच्या पट्टीतला, तंबोऱ्याची खुंटी पिळून तार चढवावी तसा. झीं. थांबला. झीं. पंख मिटलेले होते. पंख न हलवता उडण्याचे स्नायूच तो नुसते थरथरवतो, आणि ती थरथर पायांतून फुलात जाते. तिसऱ्या वेळेला सुळक्याच्या टोकातून फिकट धुरासारखी पावडर सुटली आणि त्याच्या पोटावर बसली. त्याच पोटाला कुक्षी टेकलेली होती.

‘तो’ लिहिलंय, पण पराग गोळा करत होती म्हणजे ती मादीच.

ती गेल्यावर फूल पाहिलं. पुंकेसरांवर तपकिरी बारीक ओरखडे. म्हणजे आता दिवसभर बसायला नको, संध्याकाळी ओरखडे असलेली फुलं मोजली की कळेल. आज ९.

२४ एप्रिल

बांबू क्रमांक चारखाली फिकट भुसा. मी मामांना हाक मारली, मामांनी काकूंना. काकू आल्या, लांबून पाहून गेल्या. ‘किती नीट गोल आहे गं’ एवढंच म्हणाल्या.

आत ती परागाचा लाडू करते, त्यावर एक अंडं घालते, भुशाचा पडदा लावते, मग पुढचा लाडू. एका नळीत अशी मोजकीच पिल्लं. मधाच्या पोळ्यात हजारोंचं कुटुंब असतं, इथे एकटी आई. म्हणून एक बांबू फेकला की काय फेकलं जातं, याचा विचार डोक्यातून जात नाही.

२० मे

जागतिक मधमाशी दिवस. २०१८ पासून साजरा होतो, स्लोव्हेनियाच्या पुढाकाराने. त्यांच्याकडचा अठराव्या शतकातला मधपाळ आंतोन यान्शा याच्या स्मरणार्थ ही तारीख. गच्चीवर संध्याकाळी सोसायटीतले वीसेक जण जमले. मला बोलायला सांगितलं.

एका मोठ्या अभ्यासातले आकडे सांगितले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जगातली ११५ प्रमुख अन्नपिकं तपासली, त्यातल्या ८७ पिकांना प्राण्यांकडून, म्हणजे मुख्यतः कीटकांकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमी-अधिक उपयोग होतो. पण वजन पाहिलं तर ६० टक्के उत्पादन त्यांची गरज नसलेल्या पिकांचं आहे, धान्यांमुळे. पाचव्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, “मग एवढं काय बिघडलं?” मी त्यांना भोगीच्या ताटाचं पान वाचून दाखवलं. त्यातलं एकेक काढत गेलो तर उरते भाकरी, हरभरा, दाणे आणि थोडा तीळ. आजोबा म्हणाले, “आणि फळं?” सफरचंद, कलिंगड, आंबा, डाळिंब, सगळ्यांना कोणी ना कोणी पाहुणा लागतो. आंब्याला तर मधमाशीपेक्षा साध्या माश्याच जास्त लागतात.

मुख्य सांगायचं होतं ते हे, की जगात मधमाश्यांच्या गोतावळ्यात २०,०००हून अधिक जाती आहेत, मध देणाऱ्या त्यात अगदी मोजक्या. बाकीच्या बहुतेक एकट्या राहतात, मातीत, लाकडात, काडीत. त्यांची पेटी विकत मिळत नाही. त्यांना आपण फक्त जागा सोडू शकतो. मग सगळ्यांना बांबू दाखवायला नेलं, तिघा-तिघांना, आवाज न करता.

दोन घरांनी बाल्कनीसाठी बांबूचे तुकडे मागून घेतले. त्यातल्या एक काकू.

४ जून

वांग्याचा हिशेब, दुसरा. लांब कुक्षीची आठ उघडी फुलं, हिरवा धागा : ५ फळं. उन्हाळा आहे, झाडं जुनी झालीत, जानेवारीशी थेट तुलना नको. टूथब्रश फेब्रुवारीपासून वापरलेला नाही.

९ जून

पहिला जोराचा पाऊस. बांबूंच्या तोंडात पाणी जाईल म्हणून मामा ते आत हलवायला निघाले होते. थांबवलं. ती जागा लक्षात ठेवून परत येते, घर दोन हात सरकलं तरी शोधत राहील. त्याऐवजी वर पत्र्याचा तुकडा पुढे झुकवून बांधला, भर पावसात, मामांनी शिडी धरली होती.

तागाच्या शेंगा वाळल्यात, हलवल्या की खुळखुळतात. बी काढून डबीत भरलं, ऑक्टोबरात चार ड्रम पेरायचे. पाऊस थांबल्यावर सव्वासहाला बांबू चारच्या भोकात काळं कपाळ दिसलं, ओले मिशांसारखे केस. बाहेर आली, पत्र्याखाली एक फेरी मारली आणि वांग्यांकडे गेली.